आरोग्य विमा, सार्वजनिक : अल्प उत्पन्न कुटुंबांची पात्रता

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या रुग्णालयीन उपचारांचा खर्च भागविण्यासाठी शासनाने आपल्या निधीतून दिलेले विमासंरक्षण. खाजगी विम्यात जो हप्ता भरतो, तो विमेदार ठरतो. सार्वजनिक विम्यात हप्त्याचा सर्व अथवा बहुतेक भार शासन उचलत असल्याने लाभार्थी कोण, हे आधी नियमाने ठरवावे लागते. या नियमांना पात्रतेचे निकष म्हणतात. विम्याची रक्कम कितीही मोठी असली, तरी निकषांबाहेर राहिलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग नसतो. म्हणून अशा योजनांचे मूल्यमापन करताना निकषांचा विचार प्रथम करावा लागतो.

उत्पन्न मोजण्यातील अडचण : संघटित उद्योगांतील कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा अधिनियमाने वेतनाची मर्यादा घालून दिली. कामगाराचे वेतन मालकाच्या वेतनपटावर नोंदलेले असल्याने पात्रता व तिचा पुरावा ही दोन्ही एकाच दप्तरात मिळत. शेतमजूर, फेरीवाले, घरकामगार, बांधकाम मजूर इत्यादींच्या मिळकतीची अशी नोंद नसते. शिवाय ती हंगामानुसार बदलते. त्यामुळे त्यांचे उत्पन्न प्रत्यक्ष न मोजता, त्याऐवजी सर्वेक्षणातून तयार झालेली यादी, अन्य कारणासाठी दिलेली शिधापत्रिका किंवा वंचिततेची बाह्य लक्षणे यांचा आधार घेतला जातो. भारतात या तिन्ही पद्धती वापरल्या गेल्या.

यादीची पद्धत : केंद्र शासनाची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना २००८ मध्ये कार्यान्वित झाली. दारिद्र्यरेषेखालील याद्यांत नाव असलेल्या कुटुंबातील जास्तीत जास्त पाच व्यक्तींना वर्षाला एकूण ३०,००० रु. पर्यंतच्या उपचारांचे संरक्षण तीत होते. कुटुंबाला केवळ ३० रु. नोंदणीशुल्क द्यावे लागे. बांधकाम मजूर, फेरीवाले, विडी कामगार, घरकामगार यांसारखे असंघटित कामगारही पुढे तीत समाविष्ट करण्यात आले. पाच व्यक्तींच्या मर्यादेमुळे मोठ्या कुटुंबांत कोणाचे नाव नोंदवावे आणि कोणाचे वगळावे, हा निर्णय कुटुंबावरच येऊन पडे.

शिधापत्रिकेची पद्धत : महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पिवळी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि १ लाख रु. पर्यंत वार्षिक उत्पन्नाची केशरी शिधापत्रिका असणाऱ्या कुटुंबांना तीत वर्षाला १.५ लाख रु. पर्यंतचे उपचार विनामूल्य मिळू लागले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे चिंतेचा विषय ठरलेल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरीही पुढे तीत आले. शिधापत्रिका बहुतेक घरांत आधीच असल्याने वेगळे सर्वेक्षण करावे लागले नाही, हा या पद्धतीचा गुण होय. तथापि केशरी शिधापत्रिकेची १ लाख रुपयांची मर्यादा १९९९ मध्ये त्रिरंगी शिधापत्रिका आल्या तेव्हाची होती. महागाईबरोबर मजुरीचे आकडे वाढतात. मर्यादा तीच राहिली, तर कुटुंबाची खरी स्थिती न सुधारताही ते निकषांबाहेर जाते.

वंचिततेची लक्षणे : सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत—प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेचा आधार घेतला. कच्च्या भिंती व कच्चे छप्पर असलेली एकच खोली. घरात १६ ते ५९ वयाची प्रौढ व्यक्ती नसणे. स्त्री कुटुंबप्रमुख असून त्या वयाचा पुरुष नसणे. अपंग सदस्य असून धडधाकट प्रौढ नसणे. अनुसूचित जाती वा जमातीचे असणे. भूमिहीन असून मुख्यतः अंगमेहनतीच्या मजुरीवर उपजीविका असणे, ही ग्रामीण भागातील सहा लक्षणे होत. त्यांपैकी एकही पुरेसे मानले गेले. निवारा नसलेली कुटुंबे, भिक्षेवर जगणारे, मुक्त केलेले वेठबिगार इत्यादींना थेट प्रवेश मिळाला. शहरी भागात व्यवसायांचे अकरा वर्ग ठरविण्यात आले. सुरुवातीस सु. १०.७४ कोटी कुटुंबे पात्र ठरली. प्रत्येकास वर्षाला ५ लाख रु. पर्यंत संरक्षण मिळाले व सदस्यसंख्येची मर्यादा उरली नाही.

निकषांतील दोष : कोणत्याही निकषात दोन प्रकारच्या चुका संभवतात. सुस्थितीतील कुटुंब आत येणे, ही एक आणि गरजू कुटुंब बाहेर राहणे, ही दुसरी. २०११ ची माहिती २०१८ मध्ये वापरात आली. मधल्या सात वर्षांत कर्ता पुरुष गमावलेल्या किंवा शेती विकून शहरात आलेल्या कुटुंबाची बदललेली स्थिती त्या माहितीत नव्हती. दोन्ही चुकांची किंमत सारखी नसते. पहिलीत शासनाचा काही खर्च अनाठायी होतो. दुसरीत कुटुंब सावकाराचे कर्ज काढते, जमीन वा दागिने विकते किंवा उपचारच टाळते. दारिद्र्यरेषेच्या किंचित वर असलेले कुटुंब एकाच शस्त्रक्रियेमुळे तिच्याखाली जाऊ शकते, परंतु यादी आदल्या दिवसाची असते.

निकषांचा विस्तार : या जाणिवेतून निकष सैल करण्याकडे कल झाला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२३ मध्ये आपल्या योजनेचे संरक्षण ५ लाख रु. पर्यंत वाढवून सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवासी कुटुंबांना ते देण्याचा निर्णय घेतला. २०२४ मध्ये केंद्र शासनाने ७० वर्षे व त्यांवरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न घालता सामावून घेतले. अशा वेळी उत्पन्नाचा प्रश्न मागे पडतो व रहिवास आणि ओळख यांचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. शिधापत्रिकेत सुनेचे वा नवजात बालकाचे नाव चढविलेले नसणे, दोन कागदपत्रांवरील नावांत फरक असणे, अशा कारणांनी पात्र कुटुंबाचीही अडवणूक होऊ शकते. हे कागद दुरुस्त करण्याची वेळ आजारपणाच्या आधीची असते.

पात्रता म्हणजे सर्व वैद्यकीय खर्चापासून मुक्ती नव्हे. या योजनांचा भर रुग्णालयात दाखल करून केलेल्या ठराविक उपचारांवर असून ते अंगीकृत रुग्णालयातच घ्यावे लागतात. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या विकारांत दरमहा घरी घ्यावयाच्या औषधांचा भार बहुतांशी कुटुंबावरच राहतो. म्हणून विम्याचे निकष कितीही व्यापक झाले, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रे व शासकीय रुग्णालये यांची गरज कमी होत नाही. यादीत नाव नसलेल्या रुग्णाला त्यांचाच आधार असतो.