दवाखान्याच्या पाटीआधी विमापत्र

घाटी रुग्णालयातील वर्षभराची इंटर्नशिप संपवून एखादी मुलगी वैजापूरला परतते, तेव्हा घरात गाळ्याचे भाडे, फर्निचर, पाटी आणि दवाखान्याच्या आशीर्वादविधीची तारीख यांची चर्चा होते. व्यावसायिक दायित्व विम्याचे, म्हणजेच इन्डेम्निटी पॉलिसीचे, नाव मात्र सहसा कोणी काढीत नाही.

जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील शासकीय रुग्णालयात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहून गेला आणि काही दिवसांतच ती दगावली. पतीने लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली निकाली निघाला. चूक नेमकी कोणत्या कर्मचाऱ्याची हे ठरविता आले नाही, तरी राज्य शासन जबाबदार आहे, असे न्यायालयाने म्हटले व ३६,००० रुपयांच्या भरपाईचा हुकूमनामा कायम केला. त्या कुटुंबाने त्यासाठी तेहतीस वर्षे वाट पाहिली!

शिकाऊ डॉक्टरच्या किंवा शासकीय सेवेतील डॉक्टरच्या पाठीशी अशी संस्था उभी असते. स्वतःची पाटी लागली की ती राहत नाही. खाजगी रुग्णालयात नोकरी धरली, तरी तेथील विमा केवळ संस्थेच्या नावाचा आहे की त्यात आपलेही नाव आहे, हे कागद पाहूनच खात्री करून घ्यावे. तोंडी आश्वासन येथे उपयोगाचे नाही.

हा विमा वाहनाच्या विम्यासारखा नसतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. अपघात झाला त्या दिवशी वाहनाचा विमा चालू असला की पुरे. येथे बहुधा रुग्णाची मागणी ज्या वर्षी येते, त्या वर्षी पॉलिसी चालू असावी लागते. शिवाय उपचार पॉलिसीवर नोंदविलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरचा असावा लागतो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यास दोन वर्षांची मुदत असते, आणि सबळ कारण असल्यास विलंबही माफ होतो. म्हणून पहिला रुग्ण तपासण्यापूर्वी विमा घ्यावा व नूतनीकरणात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये. खंड पडला, तर जुनी पूर्वलक्षी तारीख हातची जाऊ शकते व मागील वर्षांचे उपचार उघडे पडतात. एका घटनेसाठी किती व संपूर्ण वर्षासाठी किती रक्कम मिळेल, हे दोन आकडे वेगळे असू शकतात. कंपाउंडर व परिचारिका यांच्या चुकीचा समावेश आहे का, तेही विचारावे. शस्त्रक्रिया करणाऱ्याला हप्ता अधिक पडतो.

आपल्याकडील सेवाभावी डॉक्टरांचा एक गैरसमज असतो: गरिबाकडून पैसे घेतले नाहीत, म्हणजे दावा होणार नाही. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार सर्वांनाच मोफत सेवा देणारा दवाखाना ग्राहक कायद्याबाहेर राहतो. केसपेपरचे नाममात्र शुल्क घेतल्यानेही त्यात फरक पडत नाही. परंतु काहींकडून फी घेऊन काहींना मोफत तपासणाऱ्या डॉक्टरचे मोफत रुग्णही ग्राहकच ठरतात. शिवाय दिवाणी न्यायालयाचा मार्ग सर्वांनाच खुला असतो.

नोटीस आली, तर विमा कंपनीला तत्काळ लेखी कळवावे. कंपनीच्या संमतीविना चूक कबूल करणारे पत्र देऊ नये अथवा परस्पर तडजोड करू नये. तसे केल्यास संरक्षण नाकारले जाऊ शकते. रुग्णाने किंवा नातेवाइकांनी कागदपत्रे मागितल्यास ती मात्र ७२ तासांच्या आत द्यावीच लागतात.