आपांची फाईल गाडी बदलते

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही त्यांना आपा म्हणतो, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी सोलापूरहून पुण्याला न्यावं लागलं. सोलापूरच्या रुग्णालयात त्यांच्या दहा वर्षांच्या नोंदी संगणकात होत्या. ‘सगळं एक्स्पोर्ट करून देतो,’ असं तिथला मुलगा म्हणाला आणि अर्ध्या तासात त्यानं पेन ड्राइव्ह हातात ठेवला. पुण्यात तो उघडलाही.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी परिचारिका पडद्याकडे पाहत म्हणाली, ‘मावशी, कशाची ॲलर्जी नाही ना तुम्हाला?’ आपा म्हणाल्या, ‘अगं, पेनिसिलिनच्या सुईनं अंगभर गांधी उठल्या होत्या माझ्या. श्वास कोंडला होता. लिहिलंय की तिथं!’

लिहिलेलं होतंच. २१४ पानांच्या पीडीएफमध्ये १६३ व्या पानावर, डॉक्टरांच्या टिपणाच्या पोटात. पुण्याच्या संगणकातला ॲलर्जीचा रकाना मात्र कोरा होता. कोरा म्हणजे ‘ठाऊक नाही’. पण घाईत तो ‘काही नाही’ असा वाचला जातो. आपा त्या वेळी गुंगीत असत्या तर?

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. माझा भाचा अशाच संगणकप्रणालींचं काम करतो. त्याला बसवून घेतलं आणि विचारलं, असं कसं झालं?

आमच्या लहानपणी बार्शी लाईटची चिमुकली गाडी होती. तिचे रूळ अडीच फुटांचे, मुंबई-सोलापूर मार्गाचे साडेपाच फुटांचे. कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे. माल एका डब्यातून काढून हमाल दुसऱ्यात भरत. भाचा म्हणाला, ‘मामू, प्रत्येक कंपनीच्या प्रणालीचे रूळ असेच वेगळे. आपाखालांचा माल नीट उतरवलाच नाही. डब्याचा फोटो काढून पाठवला.’

पीडीएफ म्हणजे हा फोटो. माणसाला तो वाचता येतो. संगणक तो दाखवतो, पण त्यातली कुठली ओळ औषधाची आणि कुठली ॲलर्जीची, हे आपणहून ओळखून योग्य रकान्यात टाकत नाही. खरा एक्स्पोर्ट व्हायचा तर प्रत्येक नोंद सुटी करून, तिच्यावर सगळ्यांना कळेल अशी चिठ्ठी लावून पाठवावी लागते. तपासण्यांसाठी अशा चिठ्ठ्यांची ‘लॉइंक’ नावाची यादी १९९४ पासून तयार होत आली आहे. तीत मधुमेहाच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा, क्रमांक आहे ४५४८-४. आजारांसाठी ‘स्नोमेड सीटी’ आहे. आणि हे सगळं बांधून न्यायची आजची पद्धत ‘फायर’. तिची मांडणी ग्रॅहम ग्रीव्ह या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी २०११ मध्ये सुरू केली. क्ष-किरणवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. त्यांचं ‘डायकॉम’ हे मानक १९९३ पासून त्या नावानं आहे, म्हणून तर एका गावच्या सीटी स्कॅनची सीडी दुसऱ्या गावी उघडते.

चिठ्ठीवर एकक नसेल तरी घोटाळा. आपल्याकडे १२६ लिहिलेली रक्तातली साखर इंग्लंडमध्ये ७ असते. आपण मिलिग्रॅममध्ये मोजतो, ते मिलिमोलमध्ये. नुसता आकडा गेला, तर वाचणाऱ्यानं काय समजायचं?

आणि माणूस तोच, हे कसं ठरवायचं? आमचं शेख हे आडनाव इंग्रजीत कुणी ‘ए-आय’ घालून लिहितो, कुणी ‘ई-आय’ घालून, कुणी नुसत्या ‘ई’वर भागवतो. आपांच्या कागदांवर तिन्ही आहेत. जन्मतारीख म्हणाल, तर गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली १ जून! महाराष्ट्रातल्या त्या पिढीचे निम्मे लोक १ जूनलाच जन्मले असावेत. संगणकाला एकाच आपा तीन बायका वाटू शकतात, किंवा तीन बायका मिळून एक. हे दुसरं अधिक भयंकर.

भारत सरकारनं अशा नोंदींची मानकं २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यातला चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक ओळखीचा हा गुंता सोडवायलाच आहे. नोंदी जिथल्या तिथं राहतात आणि रुग्णानं संमती दिली की ‘फायर’च्या बांधणीतून दुसरीकडे जातात. योजना मला पटते. पण भाच्यानं एक गोम सांगितली. त्या बांधणीत पीडीएफही ठेवता येते. म्हणजे पाकीट नवं आणि आत पुन्हा डब्याचा फोटोच!

तेव्हा रुग्णालय बदलताना ‘सगळं दिलंय’ यावर थांबू नका. नव्या ठिकाणी पडदा आपल्याकडे वळवून घ्या आणि नाव, ॲलर्जी, चालू औषधं रकान्यात आली आहेत का, ते पाहा. डॉक्टर जरा वैतागतील, वैतागू द्या. आपांच्या बटव्यात मी हातानं लिहिलेला एक कागदही ठेवला आहे.

पुण्याच्या त्या रकान्यात आता ‘पेनिसिलिन’ आहे. सोलापुरात ते अजून टिपणाच्या पोटातच आहे. ते रकान्यात घ्या, असा अर्ज मी दोनदा दिला. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे.