जुन्या डिझेल जीपची शीतन-यंत्रणा आणि योग्य सुट्या भागाची ओळख

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील खोडाळा हे गाव चढउतारांच्या रस्त्यांनी बाहेरच्या जगाशी जोडलेले आहे. एक रस्ता मोखाड्याकडे जातो, तर दुसरा विहीगावमार्गे कसाऱ्यास मुंबई–नाशिक महामार्गाला मिळतो. अशा प्रदेशात जुन्या डिझेल जीपगाड्यांचे महत्त्व केवळ प्रवासापुरते नसते. दूरच्या पाड्यावरील रुग्णास आरोग्य केंद्रात अथवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेण्याचे साधन पुष्कळदा तेच असते. ही गाडी चढावर तापून थांबली, तर होणारी हानी एंजिनाच्या दुरुस्तीच्या खर्चात मोजता येत नाही. म्हणून जुन्या गाडीच्या शीतन-यंत्रणेचा बदली भाग अचूक कसा ओळखावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी विचार करण्याजोगा आहे.

प्रथम या यंत्रणेचे कार्य पाहू. एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा सुमारे एक-तृतीयांश किंवा त्याहून काहीसा कमी भाग शीतक पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. पंप हे पाणी सिलिंडरांभोवती व हेडमधून फिरवतो. रेडिएटरमध्ये ते वाऱ्याने निवते आणि पुन्हा पंपाकडे येते. एंजिन थंड असताना थर्मोस्टॅट रेडिएटरचा मार्ग बंद ठेवतो आणि पाणी एका आखूड उपमार्गाने आतल्या आतच फिरते. अवजड भार घेऊन खालच्या गिअरात चढ चढणाऱ्या गाडीत उष्णता भरपूर उत्पन्न होते, परंतु वेग अल्प असल्यामुळे समोरून येणारा वारा अपुरा पडतो. सपाटीवर महिनोन् महिने लपून राहिलेला दोष घाटात अर्ध्या तासात उघड होतो, याचे कारण हेच.

योग्य भाग शोधताना पहिला घोटाळा गाडीच्या नावामुळे होतो. भारतीय जीपचा बाह्य आकार दीर्घकाळ फारसा पालटला नाही, पण आतील एंजिने मात्र पालटत गेली. महिंद्र कंपनीच्या जीपमध्ये आरंभी विलीज घराण्यातील पेट्रोल एंजिन असे. पुढे डिझेल गाड्यांत दोन भिन्न कुळांची एंजिने आली. त्यांपैकी प्यूजोच्या एक्सडीपी 4.90 या एंजिनाच्या सिलिंडरचा व्यास 90 मिलिमीटर, दट्ट्याची धाव 83 मिलिमीटर आणि एकूण घनफळ 2112 घन सेंटिमीटर. दुसरे एमडीआय 3200 हे ट्रॅक्टरच्या एंजिनापासून विकसित झालेले. त्याचे घनफळ 2523 घन सेंटिमीटर. पहिल्यात इंधन पूर्वकक्षात फवारले जाते, दुसऱ्यात थेट ज्वलनकक्षात. पूर्वकक्षाच्या रचनेत तप्त वायूंचा भिंतींशी अधिक संपर्क येत असल्याने, तेवढ्याच कामासाठी पाण्यात जाणारी उष्णताही अधिक असते. शिवाय अनेक पेट्रोल जीपांत मागाहून डिझेल एंजिने बसवली गेली. अर्थात ‘जीपचा पंप द्या’ एवढ्या मागणीने दुकानदारास काहीच नेमके कळत नाही. नोंदणीपत्रावरील वर्षही पुरेसे ठरत नाही.

याच्या उलट, नावे निराळी परंतु एंजिन एकच, असेही घडते. कल्याण येथे 1990 च्या दशकात प्रीमियर व प्यूजो यांच्या संयुक्त उद्योगातून प्यूजो 309 ही गाडी तयार होत असे. तिचे उत्पादन थोड्याच वर्षांत थांबले. तिच्या डिझेल आवृत्तीत 1527 घन सेंटिमीटरचे टीयूडी 5 हे एंजिन होते. पुढे मारुतीच्या झेन व एस्टीम यांच्या डिझेल आवृत्त्यांतही तेच एंजिन आले. म्हणून 309 च्या मालकास एंजिनाशी निगडित भागाचा शोध या गाड्यांच्या भागांतही घेता येतो. परंतु रेडिएटर, त्याचे होज पाइप आणि पंख्याची चौकट यांना हा न्याय लागू पडत नाही. कारण त्यांचा आकार एंजिनावरून ठरत नाही, बॉनेटखालील जागेवरून ठरतो. यातून एक उपयुक्त विभागणी हाती येते : पंप, थर्मोस्टॅट व गॅस्केट हे एंजिनाच्या कुळाचे, रेडिएटर, होज व चौकट ही गाडीच्या सांगाड्याची.

तथापि कूळ जुळले आणि भाग जागेवर बसला, म्हणजे तो योग्य ठरला असे नव्हे. थर्मोस्टॅटचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. काही थर्मोस्टॅटांना खालच्या बाजूस दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडली की ही चकती उपमार्ग बंद करते आणि सर्व पाणी रेडिएटरकडे वळवते. अशा एंजिनात त्याच व्यासाचा, पण एकाच चकतीचा थर्मोस्टॅट बसवला, तर उपमार्ग सदैव उघडा राहतो. पाण्याचा काही भाग न निवताच परत फिरतो आणि चढावर एंजिन तापते. गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपायही अशा रचनेत नेमका उलटा परिणाम घडवतो. जेथे असा उपमार्ग नाही, तेथे तो काढल्याने एंजिन थंड राहते, इंधन अधिक लागते आणि झीज वाढते.

रेडिएटरच्या झाकणाचेही तसेच आहे. समुद्रसपाटीवर खुल्या भांड्यातील पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते आणि दर 300 मीटर उंचीमागे हा बिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. झाकणाने वातावरणाच्या दाबापेक्षा अर्धा बार अधिक दाब राखल्यास तो सुमारे 111 अंशांवर, तर 0.9 बार राखल्यास सुमारे 119 अंशांवर जातो. कमी दाबाचे झाकण घाटात पाणी बाहेर टाकते. वाजवीपेक्षा अधिक दाबाचे झाकण जुन्या रेडिएटरचे सांधे उसवते. झाकणाची खोली रेडिएटरच्या तोंडाशी जुळली नाही, तर त्यावर छापलेल्या आकड्यास अर्थ उरत नाही. खालचा होज पंपाच्या शोषणाच्या बाजूस असतो. मऊ रबराचा व आत स्प्रिंग नसलेला होज एंजिनाची गती वाढताच चेपून प्रवाह अडवू शकतो. पंपाच्या बाबतीत भोकांची मांडणी जुळूनही पुलीची उंची, फिरण्याची दिशा किंवा इंपेलरची खोली भिन्न असू शकते.

म्हणून शोधाचा क्रम ठरवणे इष्ट होय. प्रथम एंजिनावर ठोकलेला क्रमांक वाचावा; गाडीच्या नावावर विसंबू नये. नंतर जुन्या भागावर ओतीव अक्षरांत असलेला क्रमांक निर्मात्याच्या सुट्या भागांच्या सूचीशी ताडून पाहावा आणि त्या क्रमांकाऐवजी पुढे दुसरा दिला गेला आहे काय, याची खात्री करावी. जुना भाग पूर्वीच्या कुणा कारागिराने चुकीचा बसवलेला असू शकतो, हेही ध्यानी ठेवावे. तिसरी पायरी मोजमापाची : व्यास, उंची, भोकांमधील अंतर, पुलीची रेषा. शेवटची पायरी कार्याच्या परीक्षेची. थर्मोस्टॅट पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून व जवळ तापमापक धरून तो किती अंशांना उघडू लागतो आणि त्याची चकती किती सरकते, हे बसवण्यापूर्वीच पाहता येते. मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागातील दुकानांत अथवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाणाऱ्याने जुना भाग सोबत नेणे केव्हाही श्रेयस्कर. खोडाळ्याहून दुसरी खेप म्हणजे आणखी एक दिवस गाडी बंद.

सारांश, सुट्या भागाची ओळख तीन प्रश्नांनी पूर्ण होते : तो कोणत्या एंजिनाच्या कुळातील आहे, त्याची मापे जुळतात काय, आणि पाण्याच्या मार्गात तो मूळ भागाचेच काम करतो काय. पहिल्या दोहोंची उत्तरे दुकानात मिळू शकतात. तिसऱ्याकडे दुर्लक्ष झाले, तर त्याचे उत्तर घाटात मिळते, आणि तोवर बहुधा हेड वाकलेले असते.