दीड लिटरच्या इंजिनाला हवा किती लागते?

मुठीत मावेल असं एक चाक, व्यास साधारण 45 मिलिमीटर. गाडी जोरात असताना टर्बोमधलं हे चाक मिनिटाला दोन लाख फेरे घेऊ शकतं. तेव्हा त्याच्या पात्यांची टोकं सेकंदाला 470 मीटर वेगाने पळत असतात, आवाजाच्या वेगालाही मागे टाकून. आणि हे सगळं चालतं ते इंजिनाने बाहेर टाकलेल्या धुरावर! स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट 1905 साली घेतलं.

आता समजा, ठाण्याच्या वर्तकनगरातल्या एका हौशी मालकाकडे चाकणला तयार झालेली, 1.5 लिटर टीएसआय इंजिनाची व्हर्टस गाडी आहे. कंपनीने दिलेली ताकद 150 अश्वशक्ती. त्याला हव्यात 200. टर्बो कोणता घ्यायचा? उत्तर दुकानात नव्हे, हवेच्या हिशेबात मिळतं.

फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर श्वास घेतं. 6,000 आरपीएमला झाले मिनिटाला 4,500 लिटर. सिलिंडर 90 टक्केच भरतो असं धरलं, तर 30 अंश तापमानाला या हवेचं वजन भरतं साधारण 4.7 किलो. मिनिटाला एक किलो हवेमागे ढोबळमानाने 22 अश्वशक्ती मिळतात. म्हणजे टर्बोशिवाय शंभरेक, आणि 200 साठी हवेत नऊ किलो. हवा जवळपास दुप्पट दाबून कोंबावी लागणार.

दाबली की हवा तापते. 70 टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बोचा हवा दाबणारा भाग, 30 अंशांची हवा दुप्पट दाबतो, तेव्हा ती सुमारे 125 अंशांवर बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते, शिवाय तिच्यामुळे इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे इंधन अवेळी पेटून ठोके बसतात. म्हणून मध्ये इंटरकूलर. त्याने हवा 50 अंशांवर आणली, तर हिशेब 195 अश्वशक्तींपर्यंत पोचतो. उरलेल्या पाचांसाठी बूस्ट, म्हणजे वातावरणाच्या दाबावर चढवलेला जादा दाब, किंचित वाढवायचा.

प्रत्येक कॉम्प्रेसरचा एक नकाशा असतो. आडव्या रेषेवर हवेचं प्रमाण, उभीवर दाबाचं गुणोत्तर, मधोमध कार्यक्षमतेची वर्तुळं. उजव्या कडेपलीकडे कितीही फिरवलं तरी जास्त हवा जात नाही. डावीकडे सर्जची रेषा: तिच्यापलीकडे दाबलेली हवा उलटी फिरते, फडफड ऐकू येते आणि बेअरिंगला मार बसतो. आपला एक बिंदू 6,000 आरपीएमला, नऊ किलोंवर. त्याच दाबाला 2,500 आरपीएमवर मात्र इंजिन जेमतेम 3.7 किलो घेतं. निवडलेल्या टर्बोच्या नकाशात हे दोन्ही बिंदू बसले पाहिजेत. 500 अश्वशक्तींचा टर्बो इथेच बाद होतो. एवढ्याशा धुरावर त्याचं चाक वेगच घेत नाही, आणि घेतला असता तरी 3.7 किलोंचा बिंदू सर्जमध्ये गेला असता.

धुराच्या बाजूलाही निवड असतेच. टर्बाइनचं, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चाकाचं, घर अरुंद घेतलं तर धूर जोरात आदळतो आणि बूस्ट लवकर येतो, पण वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास कोंडतो. रुंद घेतलं तर नेमकं उलट. पोखरण रोडवरून निघून घोडबंदर रोडच्या गर्दीत सरकणारी गाडी बहुतेक वेळ 3,000 च्या खालीच असते. कंपनीने 250 न्यूटन मीटर टॉर्क 1,600 ते 3,500 आरपीएमला ठेवला, तो अशाच वापरासाठी. मोठ्या टर्बोच्या नादात हा पिकअप गेला, तर वाढलेले पन्नास घोडे क्वचितच कामाला येतील.

हाच टर्बो महाबळेश्वरला न्या. ठाण्यापेक्षा सुमारे 1,350 मीटर उंचीवर हवेचा दाब चौदाएक टक्क्यांनी कमी असतो. बूस्टचा काटा तोच एक बार दाखवेल, पण दाबाचं गुणोत्तर दोनवरून 2.16 वर गेलेलं असेल आणि चाकाला आणखी वेगाने फिरावं लागत असेल. म्हणून जाणकार माणूस समुद्रसपाटीचा हिशेब जुळला तरी थांबत नाही. नकाशावर घाटासाठी थोडी जागा राखूनच टर्बो घेतो.