फेंगशुई : निषिद्ध गृहवस्तू
घरात कोणत्या वस्तू ठेवू नयेत अथवा त्या कोठे ठेवू नयेत, यांसंबंधीचे चिनी लोकसमजुतींतील संकेत. चिनी भाषेत ‘फंग’ म्हणजे वारा व ‘श्वेइ’ म्हणजे पाणी. या दोन शब्दांपासून बनलेली संज्ञा मराठीत ‘फेंगशुई’ या रूपाने रूढ झाली आहे. भूमी, वास्तू आणि तीत राहणारी माणसे यांमधून ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहत असते. ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, ही या विद्येमागील मूळ कल्पना होय. ग्वो पू (२७६–३२४) याच्या नावावर असलेल्या झांग-शू या दफनविषयक ग्रंथात ती मांडलेली आहे. ग्रंथ मात्र त्याच्यानंतरचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. ‘ची’ जेथे संथपणे साठते ते स्थान शुभ आणि जेथे ती सरळ रेषेत वेगाने येऊन आदळते ते अशुभ. अशा घातक प्रवाहास ‘शा’ म्हणतात. निषिद्ध वस्तूंच्या ज्या याद्या आज फेंगशुईच्या नावाने जगभर प्रसृत झाल्या आहेत, त्यांतील थोडेच निषेध या मूळ कल्पनेतून निघतात. बाकीच्यांचा उगम अंत्यविधी, शब्दांचे ध्वनिसाम्य, कारागिरांविषयीचे भय आणि विसाव्या शतकातील व्यापार यांत शोधावा लागतो.

जुन्या ग्रंथांचा रोख वस्तूंवर नसून जागेवर आहे. हूबे प्रांतातील श्वेइहूदी येथे १९७५ मध्ये एका छिनकालीन अधिकाऱ्याच्या थडग्यात (इ. स. पू. सु. २१७) बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले ग्रंथ सापडले. त्यांतील दिनशुद्धीविषयक ग्रंथात घराच्या भूमीचा चढउतार, विहीर, धान्यकोठार, डुकरांचा गोठा आणि दरवाजा कोणत्या बाजूस असता काय फळ मिळते, हे सांगितले आहे. हान काळात कुलनामाच्या उच्चारावरून त्याचा पाच स्वरांपैकी एकात समावेश करीत आणि त्यानुसार घराच्या दाराची दिशा ठरवीत. वांग छुंग (२७–सु. १००) या विचारवंताने लुन-हंग या ग्रंथात या पद्धतीवर कठोर टीका केली. माणसे दिवसभर वावरतात ती दालनात, दारात नव्हे. मग दिशा दाराचीच का पाहावयाची, असा त्याचा प्रश्न आहे. शासकीय निवासांत वेगवेगळ्या कुळांचे अधिकारी राहतात आणि त्यांची बढती वा पदच्युती दारांच्या दिशांशी जुळत नाही, हे त्याने दाखवून दिले. त्याच ग्रंथात घर पश्चिमेकडे वाढवू नये या निषेधाचा विचार आहे. पश्चिम ही ज्येष्ठांची बाजू असल्याने तो संकेत मुळात शिष्टाचाराचा आहे, शुभाशुभाचा नाही, असे तो म्हणतो. निषेधाचे मूळ वेगळे आणि त्याला नंतर चिकटलेले फल वेगळे, हा त्याचा विवेक गृहवस्तूंच्या बाबतीतही उपयोगी पडतो. पुढे थांग सम्राट थायत्सुंग याच्या आज्ञेवरून या विषयावरील ग्रंथांचे संशोधन करणाऱ्या ल्यू त्साय (मृ. ६६५) यानेही गृह व दफन यांविषयीच्या समजुतींचे खंडन केले. समजुती अर्थातच टिकून राहिल्या.

घरातील वस्तूंपैकी परंपरेने खरोखर महत्त्वाच्या मानल्या त्या दोन : शय्या आणि चूल. दरवाजा, कुटुंबप्रमुखाचे शयनगृह व चूल ही घराची तीन मुख्य अंगे होत, असा सिद्धांत छिंग काळातील गृहविषयक ग्रंथांत आढळतो. चुलीत अग्नी असल्याने ती पाण्यासमोर असू नये व घराच्या दारातून दिसू नये, असे सांगतात. तीत गृहदेवता झाव च्युन हिचा वास मानला जात असल्याने तिच्यासंबंधीच्या मर्यादांना धार्मिक बैठकही आहे. शय्या तुळईखाली असू नये, कारण वरील भार निजणाऱ्यास दडपतो. तिचे पायथे दाराकडे नसावेत, या निषेधामागे मात्र ‘ची’ नसून प्रेताचे पाय पुढे करून ते घराबाहेर नेण्याची रूढी आहे. खिडकीखाली शय्या नसावी, असे आधुनिक पुस्तकांत ठामपणे म्हटलेले असते. तथापि उत्तर चीनमध्ये शतकानुशतके कुटुंबे ज्या ‘कांग’वर, म्हणजे आतून ऊब खेळविलेल्या विटांच्या ओट्यावर, निजत आली, तो बहुधा दक्षिणेकडील खिडकीला लागूनच बांधलेला असे. थंडीच्या प्रदेशात उन्हाची गरज नियमापेक्षा मोठी ठरली.

आरशाविषयीचे निषेध जुन्या श्रद्धेवर आधारलेले आहेत. आरशात पिशाचाचे खरे रूप प्रकट होते, असा समज होता. डोंगरात जाणाऱ्या साधकाने नऊ चिनी इंचांहून मोठा आरसा पाठीवर बांधावा, असे चौथ्या शतकातील ताओमतानुयायी को हुंग याने सांगितले आहे [→ ताओ मत]. आरसा हे अशा रीतीने एक शस्त्र असल्याने तो निजणाऱ्याकडे रोखलेला असू नये, हे ओघाने आले. आठ त्रिरेखाकृतींनी वेढलेला अष्टकोनी आरसा घराबाहेर, समोरून येणाऱ्या ‘शा’ला परतविण्यासाठी लावतात, घरात तो वर्ज्य मानला जातो. परतविलेले अरिष्ट समोरच्या घरावर जाते, अशी समजूत असल्याने अशा आरशांवरून शेजाऱ्यांत तंटे होतात. धारदार कोपऱ्यांविषयीचा निषेध याच जातीचा आहे. हाँगकाँगमध्ये १९९० साली पूर्ण झालेल्या बँक ऑफ चायनाच्या मनोऱ्याच्या तीक्ष्ण कडांविषयी मोठी चर्चा झाली. शेजारच्या हाँगकाँग-शांघाय बँकेच्या छपरावरील याऱ्या तोफांप्रमाणे त्या मनोऱ्याकडे रोखलेल्या आहेत, असे तेथे लोक सांगतात. घरातील सुऱ्या उघड्यावर टांगू नयेत, हा नियम मात्र फेंगशुई न मानणारी गृहिणीही पाळते.

सर्वांत विपुल निषेध ध्वनिसाम्यातून निर्माण झाले आहेत. चिनी भाषेत एकाच उच्चाराचे अनेक शब्द असल्याने वस्तूचे नाव ऐकताच दुसरा अर्थ मनात येतो. छत्री (‘सान’) म्हणजे पांगणे, म्हणून ती भेट देऊ नये. नासपती (‘ली’) वाटून खाऊ नये, कारण ‘फन-ली’ म्हणजे वियोग. ‘चार’ आणि ‘मरण’ यांचे उच्चार जवळचे असल्याने वस्तूंचा चारचा संच टाळतात. अंगणातील वृक्षांनाही हेच लागू आहे. तुती हा रेशीम पुरविणारा, म्हणजे चिनी संसाराचा पोशिंदा वृक्ष. तरी त्याचे ‘सांग’ हे नाव शोकवाचक शब्दासारखे असल्याने तो घरासमोर लावीत नाहीत. वाळुंज अंत्यविधीशी निगडित म्हणून घरामागे नको आणि पॉप्लरची पाने वाऱ्याने भुतांनी टाळ्या पिटाव्यात तशी वाजतात म्हणून तो अंगणात नको. हाँगकाँगच्या कँटनी बोलीत ‘हुंग’ म्हणजे रिकामे आणि ‘हुंग’ म्हणजे अशुभ. त्यामुळे तेथे भाड्याने द्यावयाच्या रिकाम्या घरावर ‘शुभ घर’ अशी पाटी लावतात.

घड्याळाचे उदाहरण या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. ‘सुंग झुंग’ याचा एक अर्थ घड्याळ भेट देणे आणि दुसरा मरणासन्न वडीलधाऱ्याजवळ अखेरपर्यंत राहणे. म्हणून घड्याळ भेट देणे अशुभ मानतात. २०१५ मध्ये ब्रिटनच्या एका मंत्र्यांनी तैपेच्या महापौरांस खिशातील घड्याळ भेट दिले, तेव्हा यावरूनच प्रसंग ओढवला व मंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. वस्तुतः लहान घड्याळास चिनीत ‘ब्याव’ असा निराळा शब्द आहे. निषेध एकदा रुजला की तो मूळ शब्दाचीही अपेक्षा ठेवीत नाही. घड्याळ घरात असण्यास मात्र जुन्या काळी हरकत नव्हती. छिंग सम्राटांनी युरोपीय घड्याळांचा मोठा संग्रह केला व तो पीकिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. आन्‌ह्वे प्रांतातील ह्वेजो भागात तर घराच्या मुख्य दालनातील मेजावर मध्यभागी घड्याळ, एका बाजूस फुलदाणी व दुसऱ्या बाजूस आरसा ठेवण्याची प्रथा आहे. या तिन्हींची नावे एकत्र उच्चारली असता ‘आयुष्यभर शांती’ असा अर्थ निघतो. तोच ध्वनी एका ठिकाणी मरण सुचवितो व दुसऱ्या ठिकाणी दीर्घ स्वास्थ्य. बंद पडलेले घड्याळ घरात ठेवू नये, हा आजच्या याद्यांतील लाडका नियम या दोहोंपेक्षा वेगळा आहे. थांबलेल्या काळाची कल्पना चीनबाहेरही अनेक समाजांत आहे.

मृत्यूशी संबद्ध वस्तू घरात नको, हा निषेध सर्वांत खोल रुजलेला दिसतो. मृतासोबत पुरण्यासाठी केलेल्या मातीच्या मूर्ती, घोडे, उंट व भांडी यांस ‘मिंगची’ म्हणतात. चिनी संग्राहक प्राचीन कांस्यपात्रे व शिलालेखांचे ठसे हौसेने जमवीत; परंतु थडग्यांतील मूर्ती घरात आणणे अमंगळ समजत. विसाव्या शतकाच्या आरंभी ल्वोयांग परिसरात रेल्वेमार्गाच्या खोदकामात थांगकालीन थडगी उघडी पडली. त्यांतील रंगीत झिलईच्या मूर्तींचे मोल चिनी विद्वानांपैकी प्रथम ज्यांनी ओळखले, त्यांत ल्वो झन्यू (१८६६–१९४०) हा प्रमुख होता. तोवर परदेशी ग्राहकांनी खरेदी सुरू केली होती. युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांत थांग घोडे मोठ्या संख्येने दिसतात, याचे एक कारण देशातील संग्राहकांचा हा संकोच होय. एका गृहनिषेधाची एवढी मोठी किंमत क्वचितच मोजावी लागली असेल.

असे असूनही खेड्यांत वृद्ध माणसे आपली शवपेटी हयातीतच करवून घेत व घरात ठेवीत. तिला ‘दीर्घायुष्याचे लाकूड’ म्हणत आणि ती तयार असणे हे संततीच्या कर्तव्यदक्षतेचे लक्षण मानीत. शवपेटीवाचक ‘ग्वानत्साय’ या शब्दातून अधिकारपद व संपत्ती असाही अर्थ ध्वनित होत असल्याने तिच्या लहान प्रतिकृती शुभवस्तू म्हणून विकल्या जातात. २०१८ मध्ये ज्यांगशी प्रांताच्या काही भागांत दहन सक्तीचे करण्याच्या मोहिमेत अधिकाऱ्यांनी वृद्धांच्या घरांतून अशा पेट्या नेऊन मोडून टाकल्या. अनेकांनी त्यांसाठी वर्षानुवर्षे पैसा साठविला होता. या प्रकारावर पीपल्स डेली या पक्षाच्या मुखपत्रातही टीका झाली. मृत्यूची आठवण देणारी प्रत्येक वस्तू चिनी घरात वर्ज्य असते, हे सर्रास केले जाणारे विधान म्हणूनच स्वीकारता येत नाही.

वस्तू लपविलेली असेल, तर भय अधिक. पंधराव्या शतकात आकारास आलेल्या लू-बान-जिंग या सुतारकामाच्या ग्रंथात फर्निचरची मापे आहेत, तसेच तुळईत वा भिंतीत गुपचूप दडवावयाच्या वस्तूंची यादीही आहे. फुटक्या वाडग्याचा तुकडा व एक खाण्याची काडी लपविली, तर त्या घराचे वंशज भीक मागतील, अशा स्वरूपाचे हे अभिचार आहेत. काही प्रयोग शुभफलदायीही आहेत. मजुरीत कसर करणारा वा कारागिरांना अपमानाने वागविणारा मालक या भीतीने वरमत असावा. दुबळ्या पक्षाच्या हातातील हे एक साधन होते, असे म्हणण्यास जागा आहे. सुतारांचा आठ भागांचा मापदंड (सु. ४३ सेंमी.) याच परंपरेतील होय. संपत्ती, रोग, वियोग, न्याय, अधिकार, लूट, हानी व मूळ असे हे भाग असून दाराचे वा पेटीचे माप अशुभ भागात पडू नये, याची दक्षता घेतात.

१९४९ नंतर चीनमध्ये फेंगशुईची गणना सरंजामी अंधश्रद्धांत झाली आणि सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) तिचे ग्रंथ व होकायंत्रे नष्ट करण्यात आली. हाँगकाँग, तैवान व सिंगापूर येथे ती चालू राहिली. अमेरिकेत लिन युन (१९३२–२०१०) यांनी १९७० नंतर एक सुटसुटीत पद्धती रुजविली. तीत होकायंत्राची गरज नसते. घराच्या प्रवेशद्वारावरून आठ विभाग कल्पून प्रत्येकास संपत्ती, विवाह इ. विषय नेमून देतात. बंगला वा डोंगर बदलता येत नाही, वस्तू बदलता येतात. शहरी सदनिकांत राहणाऱ्यांना ही पद्धती सोयीची वाटली. वाळलेली फुले, निवडुंग, गळका नळ, तडा गेलेली भांडी, पलंगाखालील अडगळ यांच्या याद्या प्रामुख्याने या टप्प्यावरील होत. त्यांतील बऱ्याचशा गोष्टी गृहव्यवस्थेचे साधे नियम आहेत. निषिद्ध वस्तू काढल्यावर तिच्या जागी विकत घ्यावयाची वस्तूही त्याच दुकानात मिळते, हे नोंदविण्यासारखे आहे.

भारतात १९९० नंतर हा प्रकार वास्तुशास्त्राच्या नव्या लाटेबरोबर पसरला. मुंबई-पुण्याच्या बाजारांत हसरा बुद्ध, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक व वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या दिसू लागल्या. दोन्ही विद्यांची सल्लापुस्तके अनेकदा एकत्र विकली जातात. परंतु त्यांचा मूळ दिग्विचार भिन्न आहे. चीनमध्ये सम्राट दक्षिणाभिमुख बसे आणि उत्तरेच्या थंड वाऱ्याकडे पाठ करणारे दक्षिणमुखी घर उत्तम मानतात. भारतीय परंपरेत दक्षिण ही यमाची दिशा असल्याने त्या बाजूचे दार बहुधा टाळले जाते [→ वास्तुशास्त्र].