बोहाड्यातील असुरांची सोंगे

बोहाडा हा पालघर, ठाणे व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात होळीनंतर साजरा होणारा, मुखवटे धारण करून नाचण्याचा धार्मिक उत्सव आहे. त्यात देवांच्या सोंगांबरोबर महिषासुर, रावण, हिरण्यकश्यपू, बकासुर, त्राटिका अशा खलपात्रांची सोंगेही निघतात. यांतील पुष्कळ सोंगे ठरावीक घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलेली असतात. त्यामुळे महिषासुर हे गावाच्या दृष्टीने पुराणातील एक पात्र असते, तसेच ते एक पद किंवा वतनही असते. पात्र तेच राहते, मुखवटाही बहुधा तोच राहतो आणि तो धारण करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या बदलत जातात. प्रस्तुत लेखात बोहाड्याच्या समग्र वर्णनापेक्षा या असुरांच्या सोंगांचा आणि त्यांच्या वारसांचा विचार केला आहे.

क्षेत्र आणि काळ

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. जव्हार, मोखाडा व विक्रमगड हे त्यातील पूर्वेकडील तालुके बोहाड्याचे प्रमुख क्षेत्र मानले जातात. नाशिक जिल्ह्याच्या काही भागांत हाच उत्सव ‘आखाडी’ या नावाने, तर सुरगाणा व गुजरातेतील डांग या बाजूस ‘भवाडा’ या नावाने ओळखला जातो. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकूर इत्यादी समाज त्यात भाग घेतात. त्याच जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या पश्चिमेकडील तालुक्यांची ओळख तारप्याचा नाच, वाघदेवाची पूजा आणि वारली चित्रकला यांनी अधिक ठळक झाली आहे. तेथील विद्यार्थ्याला बोहाडा पाहावयाचा असल्यास चारोटी व कासामार्गे पूर्वेस घाट चढून जावे लागते.

तथापि ‘मान’ ही कल्पना डहाणूकरांना नवी नाही. डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेस सुरू होते. त्या यात्रेत डोंगराच्या सुळक्यावर ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या पुजारी घराण्याकडे आहे. दुसऱ्या कोणी कितीही चपळाईने तो सुळका चढून दाखविला तरी ध्वज लावण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. बोहाड्यातील सोंगाच्या मानाचे स्वरूप याच जातीचे आहे. फरक इतकाच की येथे तो मान देवीच्या शत्रूचा असतो.

बोहाड्याची तिथी सर्व गावांत एक नसते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावे आपापल्या सोयीने व रूढीने दिवस ठरवितात. उत्सव काही रात्री चालतो आणि शेवटची रात्र सर्वांत मोठी असते. हेच दिवस शाळांच्या वार्षिक परीक्षांचे असल्यामुळे या भागात ज्यांनी शिक्षकाची नोकरी केली आहे, त्यांना सकाळच्या पेपराला तांबारलेल्या डोळ्यांनी बसलेली मुले परिचयाची असतील. त्यांना रागावण्याचा फारसा उपयोग होत नाही. रात्रभर ज्याच्या बापाने रावण नाचविला, त्या मुलाला झोपून राहण्यास सांगणार कोण?

सोंग आणि त्याचा मान

सोंग घेण्यापूर्वी मुखवट्याची पूजा होते. संबळ व पिपाणी यांच्या तालावर सोंग गावाच्या रस्त्याने पुढे-मागे नाचत देवीच्या स्थानाकडे येते. पूर्वी उजेडासाठी टेंभे असत. आज बहुतेक ठिकाणी विजेचे दिवे असले तरी टेंभ्याचा मान काही गावांनी राखला आहे. मुखवटा वजनदार असतो आणि डोळ्यांच्या भोकांतून फारच थोडे दिसते. म्हणून नाचणाऱ्याच्या मागेपुढे घरचीच माणसे त्याला सावरण्यास असतात. आरंभी गणपती, त्यानंतर मोरावर बसलेली शारदा आणि पुढे इतर सोंगे असा सर्वसाधारण क्रम असतो.

असुरांची सोंगे बहुधा जोडीने येतात. हिरण्यकश्यपूबरोबर नरसिंह, बकासुराबरोबर भीम, भस्मासुराबरोबर मोहिनी. एका बाजूचा मानकरी आला नाही तर दुसऱ्याचे सोंग अर्धवट राहते. या साध्या गोष्टीतून गावातील घराण्यांचे परस्परावलंबन ध्यानात येते. देवाचे सोंग ज्याच्या घरात आहे त्याला असुराच्या घराशी कायमचे वैर धरून चालत नाही, कारण वर्षातून एकदा त्यालाच मारावयाचे असते.

सोंगाचा वारसा सामान्यतः बापाकडून मुलाकडे जातो. मुलगा लहान असेल किंवा नसेल तर भाऊ अथवा पुतण्या ते घेतो. शिक्षण असे वेगळे नसते. सोंगाला सावरणाऱ्यांत उभे राहूनच मुलगा पावले शिकतो, संबळाचा ताल त्याच्या कानात बसतो आणि एके वर्षी मुखवटा त्याच्या तोंडावर येतो. काही गावांत मात्र सोंगांसाठी बोली लावण्याची रीत आहे. जो अधिक रक्कम देईल त्याला त्या वर्षी सोंग मिळते आणि रक्कम उत्सवाच्या खर्चास लागते. ही रीत उत्सव जगविण्यास उपयोगी पडते, परंतु तिने सोंगाचा धारक दर वर्षी बदलू शकतो आणि पावलांचे ज्ञान एका घरात साचून राहत नाही. वंशपरंपरा की बोली, या प्रश्नाचे एकच उत्तर देणे कठीण आहे. वंशपरंपरेने कला टिकते, पण बाहेरच्याला दार बंद राहते. बोलीने दार उघडते, पण ते ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्यासाठी.

स्त्रीपात्रांची सोंगेही परंपरेने पुरुषच घेतात. त्राटिका आणि खुद्द जगदंबा यांनाही हा नियम लागू असतो.

महिषासुर

बोहाड्याचा शेवट देवी आणि महिषासुर यांच्या युद्धाने होतो. पुरुषाच्या हातून मरण येणार नाही असा वर मिळालेला हा असुर अखेर देवीच्या हातून मारला गेला, ही पुराणकथा सर्वपरिचित आहे. रात्रभराची इतर सोंगे झाल्यावर पहाटेच्या सुमारास हे सोंग निघते. महिषासुराला रेड्याची शिंगे असतात, रंग काळा वा गडद असतो. देवी घेणाऱ्याच्या अंगात वारे येते असे मानतात आणि म्हणून युद्धाच्या वेळी दोन्ही सोंगांना धरून ठेवणारी माणसे सावध असतात. तलवारी समोरासमोर येतात, दोन्ही बाजू पुढे-मागे होतात, शेवटी महिषासुर पडतो आणि बोहाडा संपतो.

महिषासुराचा मान ज्याच्याकडे आहे, त्याला गावात कोणी दुष्ट समजत नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. उलट हे सोंग जोखमीचे, श्रमाचे आणि म्हणून प्रतिष्ठेचे समजले जाते. हरण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्याने ते नीट केले नाही तर देवीचा विजय प्रेक्षकांना पटत नाही.

असुर की दैवत

महाराष्ट्रात महिषासुराची दुसरी एक ओळखही आहे. गावाच्या वेशीवर वा शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा हा ग्रामरक्षक देव मानला जातो. म्हसोबा आणि महिषासुर यांचा संबंध इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या क्षेत्रसंशोधनातून पुढे आणला. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात त्याची चर्चा आहे. अकोला जिल्ह्यातील सांगोळा येथे रावणाची दगडी मूर्ती असून तेथे दसऱ्याला रावणाची पूजा होते. पुराणात जो खलनायक ठरला, तो एखाद्या गावात रक्षणकर्ता असू शकतो. बोहाड्यात असुराच्या मुखवट्यालाही हळदकुंकू लागते, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो.

कोकणातील संकासुराचे उदाहरण याहून बोलके आहे. सिंधुदुर्गातील दशावतारी नाटकाच्या आरंभी वेद चोरणारा संकासुर येतो आणि विष्णूच्या हातून मारला जातो. काळा वेष, झाकलेला चेहरा, लांब टोपी आणि लोंबणारी लाल जीभ अशा रूपात तो येतो, पण बोलतो विनोदी, आणि प्रेक्षकांना त्याचीच वाट असते. रत्नागिरीच्या बाजूस शिमग्याच्या खेळ्यांतही संकासुर असतो. त्याच्या कमरेला घुंगरू वा घंटा असतात आणि लोक त्याला नवस बोलतात. बोहाड्यातील असुर फारसे बोलत नाहीत, ते नाचतात. संकासुराची सारी गंमत त्याच्या बोलण्यात आहे, म्हणून त्याच्या वारसाला पावलांइतकीच हजरजबाबी जीभ लागते.

चित्रकथांतील खलपात्रांशी तुलना

एकच नाव व एकच वेष अनेकांनी पाळीपाळीने धारण करणे ही कल्पना आजच्या विद्यार्थ्यांना अमेरिकन चित्रकथांतून व त्यांवर आधारित चित्रपटांतून अधिक परिचित असते. ‘ग्रीन गॉब्लिन’ हे स्पायडर-मॅनच्या मालिकेतील खलपात्र १९६४ साली अवतरले. हा मुखवटा कोणाचा, हे रहस्य दोन वर्षे राखून १९६६ साली तो नॉर्मन ऑस्बॉर्न हा उद्योगपती असल्याचे उघड करण्यात आले. १९७३ साली त्याचा मृत्यू दाखविल्यावर पुढील वर्षी त्याचा मुलगा हॅरी याने तोच वेष चढविला, आणि १९७८ साली हॅरीवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ बार्ट हॅमिल्टन हा तिसरा गॉब्लिन झाला. १९८३ साली आलेल्या ‘हॉबगॉब्लिन’ या त्याच धाटणीच्या पात्राचे तर खरे नाव, रॉडरिक किंग्सली, वाचकांना निश्चितपणे कळण्यास १९९७ साल उजाडले. दरम्यान तो मुखवटा दुसऱ्यांच्याही तोंडावर चढून गेला होता.

मराठी वाचकांच्या एका पिढीला याचे सज्जन रूप आधीपासून ठाऊक होते. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला ‘फँटम’ इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत ‘वेताळ’ या नावाने आला. बापाच्या मृत्यूनंतर मुलगा तोच वेष घेतो आणि जगाला वाटते की वेताळ अमर आहे. एकविसाव्या पिढीतील वेताळाच्या गोष्टी वाचत अनेकांच्या सुट्या गेल्या आहेत.

बापाचा मुखवटा मुलाकडे जाणे हे साम्य वरवरचे नाही, तरी एक मूलभूत भेद आहे. चित्रकथेत मुखवटा ओळख लपविण्यासाठी असतो. आत कोण आहे, याच प्रश्नावर कथा पुढे सरकते आणि वारस बदलला हे रहस्यच राहावे लागते. बोहाड्यात असे काही लपलेले नसते. रावणाच्या मुखवट्याआड कोणाच्या घरचा कोण आहे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. तरीही तो मुखवटा समोर आला की तेच मूल आईच्या पदराआड दडते. चित्रकथेतील वारस सूडापोटी वा लोभापोटी वेष घेतो, तर बोहाड्यातील वारस कर्तव्य म्हणून घेतो. आणखी एक गोष्ट अशी की, चित्रकथेत खलपात्राचा मृत्यू ही मोठी घटना असते आणि त्याला परत आणण्यासाठी लेखकाला युक्ती शोधावी लागते. बोहाड्यातील महिषासुर पहाटे पडतो, मुखवटा उतरवून घाम पुसतो आणि चहा घेतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा येणार यात कोणाला नवल वाटत नाही.

मुखवटे

जुने मुखवटे लाकडात कोरलेले असत. कागदाचा लगदा आणि खळ यांपासून केलेले मुखवटे हलके असल्याने त्यांचा प्रसार अधिक झाला. वाळल्यावर त्यांना रंग देऊन मुकुट, जीभ, दात व शिंगे जोडतात. रावणाच्या दहा तोंडांना वेगळा सांगाडा लागतो व तो पेलण्यास अंगात ताकद हवी. जव्हार परिसरातील कारागीर आता विक्रीसाठीही मुखवटे करतात आणि ते शहरी घरांच्या भिंतींवर दिसतात. पुण्यातील आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयातही असे मुखवटे पाहावयास मिळतात. तेथे ते सुरक्षित आहेत व विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावेत, परंतु काचेआडच्या मुखवट्याला मानकरी नसतो, हे पाहताना ध्यानात असावे.

सद्यःस्थिती

जव्हार-मोखाड्याकडील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसई, वाडा या बाजूंस वीटभट्ट्यांवर व बांधकामावर जातात. शिमग्याला गावी परतण्याची जुनी रीत असल्याने बोहाड्याचा काळ त्यांना सोयीचा पडत असे. आता काम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालते, तरुण कारखान्यांत नोकरीला असतात आणि रजा एकदोन दिवसांचीच मिळते. त्यामुळे काही ठिकाणी रात्रींची संख्या घटते, सोंगे एकत्र उरकली जातात. ज्या घरात सोंग घेणारा उरला नाही, तेथे गाव मिळून दुसरा माणूस नेमते आणि मूळ घराला केवळ पूजेचा मान राहतो. ध्वनिवर्धकाच्या आवाजात संबळाचे बदलते ताल ऐकू येत नाहीत, ही तक्रार जुने मानकरी करतात व ती रास्त आहे. प्रत्येक सोंगाचे पाऊल तालावर ठरलेले असते, आणि मुखवट्याआडून फारसे दिसत नसल्याने नाचणारा कानावरच अवलंबून असतो.

उत्सव संपला की मुखवटे उतरवून कापडात गुंडाळतात आणि घराच्या माळ्यावर ठेवतात. चुलीच्या धुरामुळे तेथे कीड कमी लागते. महिषासुराचा मुखवटा ज्या घरी असतो, तेथील मुले वर्षभर त्याच्याखाली झोपतात.