गिळलेले देव आणि कोल्हापूरचा पोसायडन

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारा आपला बेलपाडा-पनवेलकडचा खाडीकाठ. येथील माणसाला सागरदेवतेची ओळख करून द्यावयास नको. परंतु समुद्रापासून दूर, घाटावरच्या कोल्हापुरात, एक परकी सागरदेवता येऊन राहिली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४५ च्या सुमारास सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष निघाले. त्यांत पोसायडन या ग्रीक देवाची, वीतभरही उंच नसलेली कांस्यमूर्ती मिळाली. रोमन व्यापाराबरोबर आलेली ही मूर्ती तेथील टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे.

हा देव जन्मला कसा? इ. स. पूर्वी ७०० च्या सुमारास हेसिअड कवीने सांगितलेली कथा अशी : क्रोनॉसने आपल्या बापाला, म्हणजे आकाशाला, पदच्युत करून राज्य मिळवले. तुझाही मुलगा तुझी हीच गत करील, असे भविष्य कानी आल्यावर, बायकोला, ऱ्हीआला, मूल झाले की तो ते गिळू लागला. तीन मुली व दोन मुलगे गेले, पोसायडन त्यांतलाच. सहाव्या खेपेस ऱ्हीआने दुपट्यात गुंडाळलेला धोंडा नवऱ्याच्या हाती दिला आणि झ्यूसला क्रीट बेटावर लपवले. पुढे क्रोनॉसला सारे ओकावे लागले. आधी धोंडा पडला, मग मुले. मुलांचा हा जणू दुसरा जन्मच. त्यामुळे धाकटा झ्यूस थोरला ठरला म्हणावयाचे! मग भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, तीत समुद्र पोसायडनकडे आला, असे हेसिअड नव्हे, पण दुसरे सांगतात.

आर्केडियाच्या धनगरी मुलखात मात्र निराळे सांगत. तेथे ऱ्हीआने पोसायडनला कोकरांच्या कळपात दडवले, आणि आपल्याला शिंगरू झाले असे सांगून तेच नवऱ्याला गिळावयास दिले. पोसायडन घोड्यांचाही देव आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे शिंगराचा उलगडा होतो.

एव्हाना श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे कंस, बंदिशाळा आणि गोकुळ उभे राहिले असेल. मग कोणी कोणाचे उचलले, हा प्रश्न लगेच निघतो. त्या घाईत मी पडणार नाही. ग्रीक कथेचे जवळचे नाते आशिया मायनरमध्ये सापडते. तेथील हित्ती लोकांच्या, हेसिअडच्याही कित्येक शतके आधीच्या, मातीच्या विटांवर आकाशदेवाला पदच्युत करणाऱ्या कुमार्बीची कथा कोरलेली मिळाली आहे. शिवाय साम्याइतकाच फरकही पाहावा. आपल्याकडे वैरी मामा आहे. बाप तर टोपली डोक्यावर घेऊन यमुनेत उतरतो. ग्रीकांकडे बापच वैरी. त्यांच्या देवांच्या जन्मकथा या गादीच्या वारशाच्या कथा आहेत.

म्हणून झ्यूसलाही तेच भय लागले. मेटिसचा मुलगा आपले राज्य घेईल असे कळताच त्याने गरोदर मेटिसलाच गिळले. त्याच्या मस्तकातून शस्त्रसज्ज अथीना निघाली. बापाला भारी ठरणारा तो मुलगा जन्मलाच नाही.

आणि तो धोंडा? दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनिअस याने डेल्फीला एक लहानसा दगड पाहिला. क्रोनॉसने गिळला तो हाच, अशी लोकांची समजूत होती. आपल्याकडच्या तांदळ्यासारखाच त्याचा थाट : त्यावर रोज तेल ओतीत, आणि सणावारी न कातलेली लोकर ठेवीत.